फोटोच्या वेळी हात मागं

रेणापूरहून जीप निघाली तेव्हा मागच्या सीटवर मी होते, आणि माझ्या शेजारी माझा धाकटा भाऊ बाळू, मांडीवर बिंदगं घेऊन. बिंदगं म्हणजे येळवशीला आंबील भरायचं मातीचं लहान मडकं. माझं विमान हैदराबादहून होतं, आणि नेमकं येळवशीच्या दुसऱ्या दिवशी. आदल्या दिवशी शेतात जेवून, आंबील पिऊन सगळं घर सुस्तावलेलं. मायनं मात्र पहाटे उठून ते मडकं राखेनं घासलं, माझ्या जुन्या ओढणीत गुंडाळलं आणि बाळूच्या हातात दिलं. "आक्काला तिकडं मिळायचं न्हाई, फुटू देऊ नको," एवढंच म्हणाली. बाळू तेव्हा कॉलेजात होता. बिदरला चहाला थांबलो तरी पोरानं ते खाली ठेवलं नाही. एका हातात कप आणि दुसऱ्या हातात मडकं धरून टपरीवर उभा राहिला. विमानतळाच्या दारात माझ्या हातात देताना म्हणाला, आंबट वास यायलाय गं अजून. मग दोघंही रडलो.

पुण्यामुंबईकडच्या माणसांना येळवस सांगावी लागते, म्हणून सांगते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी अख्खं लातूर उठून शेतात जातं. दुकानं बंद, रस्ते सुने. शेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करायची, आत दगडांचे पाच पांडव मांडायचे, लक्ष्मी पुजायची. भज्जी, म्हणजे सगळ्या भाज्या-शेंगांची बेसन लावलेली मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवायचं, शिजवायचं, वर लसूण-जिरं. ती बिंदग्यात भरून एकानं डोक्यावर घोंगडं घेऊन शेताभोवती फेरी मारायची, कडुलिंबाच्या डहाळीनं पिकावर शिंपडत जायचं, आणि मागच्यांनी "व्हलगे व्हलगे सालम पलगे" असं ओरडायचं. त्याचा अर्थ मला विचारू नका, आमच्या अण्णांनाही ठाऊक नाही. अण्णा म्हणजे वडील. फेरी पुरी होईस्तोवर मडकं धरणाऱ्यानं तोंड लावायचं नाही. फेरी पुरी झाली की कोपीसमोर पहिला घोट त्याचा, मग बाकीच्यांचा. त्या दिवशी आंबिलीला नाही म्हणत नसतात. वाटेनं जाणाऱ्या परक्याला हाक मारून बसवतात, तोही नाही म्हणत नाही. आमच्या शेतात मडकं धरायचं काम बाळूचं, कारण त्याच्याइतका आवाज घरात कुणाचा नव्हता.

निघताना अण्णांनी एकच सांगितलं होतं, "शेत नसलं तर कुंडीभवती फीर, पर येळवस चुकवू नको." आणि माय म्हणाली होती, "फोटो धाडत जा."

मेलबर्नला आल्यावर पहिल्या वर्षी मी खरंच कुंडीभोवती फिरले. बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी होती. माझा नवरा संदीप नांदेडचा, त्याच्या घरी येळवस नाही. तो दारात उभा राहून हसत होता, पण "सालम पलगे" त्यानंही म्हटलं. मी एका बालवाडीत कामाला लागले होते. दुसऱ्यांची लेकरं दिवसभर सांभाळायची आणि संध्याकाळी घरी येऊन मायला फोन करायचा, असं माझं चाललं होतं. मग हळूहळू आपल्याकडची माणसं सापडत गेली. कुणी लोह्याचं, कुणी उदगीरचं, कुणी खुद्द लातूरचं. जळकोटचे राजूभाऊ भेटले. ट्रक चालवून चालवून त्यांनी स्वतःची मालवाहतूक उभी केली होती आणि आमच्या मंडळाचे तेच सर्वेसर्वा. माणूस दिलदार. कुणाचं सामान हलवायचं असो, कुणाला विमानतळावरून आणायचं असो, राजूभाऊंचा ट्रक दारात उभा. त्यांच्या बायकोचं, मनीषावहिनीचं, घर म्हणजे आमचं माहेर झालं. सण म्हटला की सगळे तिथं.

आता जे सांगते ते इकडं आलेल्यांना आवडणार नाही आणि तिकडं असलेल्यांना पटणार नाही. पण माझा राग मी आता गिळणार नाही.

गणपती बसला की पहिल्या आरतीनंतर गॅरेजात एस्की उघडायची. एस्की म्हणजे बर्फ भरलेली पेटी. दसऱ्याला आपट्याची पानं नव्हती म्हणून कागदाचं सोनं वाटलं, पण स्कॉच मात्र अस्सल. कोजागिरीला दूध आटवत बसायला वेळ कुणाला? दूध बायकालेकरांना, आणि चंद्राकडं बघत बसलेल्यांना दुसरं काही. दिवाळीला पत्ते, पत्त्यांबरोबर तेच. संक्रांतीला तिळगूळ घ्या, गोड बोला, आणि हातात गिलास घ्या. मी काही सोवळ्यातली नाही, थंडीत कधीतरी वाइन मीही घेते. आणि गावाकडं कुणी पीत नव्हतं, असं तर मी मुळीच म्हणणार नाही. पितच होते. गटारीला तर दिवसाढवळ्या. येळवशीलाही कडब्याच्या गंजीमागं जाऊन पिणारे होते, आणि अण्णांना सगळं माहीत असायचं. पण तिकडं गंजीमागं जावं लागायचं. लक्ष्मीच्या दारात नाही, हे पिणाऱ्यालाही ठाऊक होतं. इकडं गंजीच राहिली नाही.

आणि फोटो. तुम्हाला तिकडं जे फोटो येतात ना, झब्बे घातलेले, नऊवारी नेसलेल्या, मागं गणपती, ते कसे निघतात ते सांगते. राजूभाऊ टाळी वाजवून म्हणतात, "फोटो. गिलास खाली." की सगळे पुरुष, आणि हल्ली दोन-चार बायकाही, गिलास खाली ठेवतात. ज्यांना ठेवायला जागा मिळत नाही ते हात मागं घेतात. फोटो निघतो. तुम्ही तिकडून लिहिता, वा, संस्कृती जपली. मग गिलास परत वर येतात.

बाळू इकडं शिकायला आला तेव्हा मायनं फोनवर त्याला माझ्या पदरात घातलं. "लेकरू तुझ्याकडं धाडलंय, त्याला सणासुदीला एकलं पडू देऊ नको." मी पडू दिलं नाही. हेच तर झालं. तो लांब, शहराच्या दुसऱ्या टोकाला चार पोरांबरोबर राहायचा, रात्रपाळीत एका गोदामात काम करायचा, दिवसा वर्गात डुलक्या घ्यायचा. त्याला आपली माणसं दिसायची ती फक्त सणाला. पहिल्या गणपतीत आरती त्यानंच म्हटली, मोठ्यानं, आमच्या देवळात म्हणायचा तशी. सगळे खूश. राजूभाऊंनी पाठीवर थाप मारली आणि हातात गिलास दिला. प्रसाद समज म्हणाले. नाही म्हणायला तो कोण? घरचा सगळ्यात लहान, नवा, आणि ज्यांनी दिलं ते मोठे.

पुढं काय झालं ते कळायला मला उशीर लागला. बाळू पंचांग बघायला लागला. फोनमध्ये घेतलं होतं. कुठली एकादशी, कुठली चतुर्थी, पौर्णिमा कधी लागते, सगळं तोंडपाठ. संकष्टीला दिवसभर कडक उपास करायचा, आणि चंद्र निघाला की उपास सोडायचा. कशानं सोडायचा, ते मला त्याच्या घरातल्या पोरानं सांगितलं. इकडचे सणही त्यानं सोडले नाहीत, ख्रिसमस झाला, घोड्यांच्या शर्यतीची सुट्टी झाली. कॅलेंडरातला कुठलाच चौकोन रिकामा राहिला नाही. तो कधीच नुसता प्यायचा नाही. काहीतरी असायचंच त्या दिवशी.

आणि माय तिकडं फुगून गेलेली. शेजारणींना सांगायची, परदेशात जाऊनही पोरगं संकष्टी इसरत न्हाई. फोटो बघून मात्र दर वेळी एक गोष्ट विचारायची, "बाळू हात मागं बांधून का हुबा ऱ्हातो गं? शाळंतल्यावानी." मी सांगायची, थंडी असते माय इकडं.

गेल्या संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी त्याला पोटात अशी कळ आली की उभं राहता येईना. दवाखान्यात नेलं. स्वादुपिंडाला सूज. हिरवट पिवळा चेहरा, नळ्या, आणि माझा भाऊ, ज्याची आरोळी पार खालच्या मळ्यात ऐकू जायची, तो कुजबुजतही नव्हता. डॉक्टरीणबाई मला बाहेर घेऊन गेल्या आणि सरळ बोलल्या. ह्यापुढं एक थेंबही चालणार नाही. पुन्हा असं झालं तर मी हमी देणार नाही. संदीपनं माझा हात धरला होता. त्या दिवसापासून संदीपनंही घरात बाटली आणली नाही, हे त्याच्या बाजूनं सांगायलाच हवं.

बाळू बरा झाला. आमच्या जवळ राहायला आला, चांगली नोकरी लागली. पण सण त्यानं सोडले. गणपतीला आला नाही. दसऱ्याला मी पुरणपोळी डब्यात घालून त्याच्या घरी नेली, तर दिवे बंद करून झोपलेला. म्हणाला, तिथं येऊन करू काय आक्का? हातात काही नसलं की लोक विचारतात. लोकांना त्यानं सांगितलेलं नव्हतं. मंडळीत त्यानं पित्ताचं कारण दिलं होतं, मग औषधं चालू आहेत म्हणाला, मग कामाचं. खरं फक्त मला आणि संदीपला ठाऊक. "कुणाला सांगू नको," तो म्हणाला होता. "हितलं लातूरला कळायला एक फॉरवर्ड पुरतो. मायला कळलं तर ती झुरून मरंल."

मला त्या दिवसांत फार वाईट वाटायचं. दारू सुटली तर माणसं सुटली, माणसं सुटली तर सण सुटला. पोरानं एक वाईट गोष्ट सोडली आणि शिक्षा म्हणून त्याच्याकडून सगळंच काढून घेतलं. म्हणून यंदाची येळवस त्याला परत द्यायची, असं मी मनाशी ठरवलं.

राजूभाऊंनी शहराबाहेर पाच एकर घेतले होते. जळकोटच्या माणसाला जमीन घेतल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात लसूणघास, थोडी लिंबोणीची झाडं, टमाटे. त्यांनी जाहीर केलं की येळवस यंदा स्वतःच्या रानात. मी बाळूला सांगितलं, आंबील मी करते, बिंदगं आपलं, मडकं तू धर. बाकी कुणाकडं बघू नको. तो म्हणाला, बिंदगं अजून हाय?

आंबील मी दोन ठिकाणी भरली. मडक्यात पूजेची, आणि स्टीलच्या डब्यात लेकरांसाठी, थोडी पातळ आणि कमी लसणाची. बरं झालं भरली.

तिकडं गेलो तर ऊन नुसतं भाजत होतं. आपल्याकडं येळवशीला सकाळी अंगात स्वेटर असतं, इकडं मार्गशीर्ष म्हणजे उन्हाळ्याचा कहर. वणव्याच्या भीतीनं उघड्यावर जाळ करायला बंदी, म्हणून लक्ष्मीपुढं बॅटरीचा दिवा. कोप म्हणून तंबू उभा केलेला, त्याच्या खांबांना मक्याची धाटं बांधलेली. पाच पांडव बागकामाच्या दुकानातले, पांढरे गुळगुळीत. मला हसू आलं आणि बरंही वाटलं. माणसं धडपडतात तरी. शेडच्या सावलीत एस्की ओळीनं मांडलेल्या होत्याच.

बाळू गाडीतून उतरेना. सीटबेल्ट काढला, परत लावला. मी दार उघडून उभी राहिले. शेवटी उतरला. लगेच दोघांनी घेरलं, कुठं होतास रे, वाळलास की, घे एक. तो म्हणाला गाडी चालवायची आहे. ते म्हणाले, आक्का हाय की चालवायला. तो हसला. त्याचा उजवा हात आपोआप पाठीमागं गेला होता, आणि त्यात काहीही नव्हतं. ते मी बघितलं.

राजूभाऊ आले आणि मडकं माझ्या हातातून घेतलं. आण, हळदकुंकू लावून सजवतो म्हणाले, आणि शेडमध्ये घेऊन गेले. मी पलीकडच्या पत्र्याच्या खोलीत विजेच्या शेगडीवर भज्जी गरम करायच्या मागं लागले. थोड्या वेळानं बाहेर बघितलं तर बाळूच्या डोक्यावर घोंगडं म्हणून एक जाड चादर टाकलेली, बिंदगं छातीशी धरलेलं, आणि फेरी निघालेली. मागं लेकरं, त्यांच्या मागं पुरुष. "व्हलगे व्हलगे," बाळूचा आवाज आला. वर्षभरात पहिल्यांदा तो आवाज ऐकला मी. लेकरं "सालम पलगे" ओरडली. माझे डोळे भरून आले, मी पदरानं पुसले आणि भज्जी हलवत राहिले.

तेवढ्यात मनीषावहिनी माझ्याजवळ आल्या, हसत हसत, कानाशी लागून.

"ताई, पोरांना त्या मडक्यातली देऊ नका बरं. ह्यांनी त्यात व्होडका ओतलीय. म्हणतात, आंबील चढते म्हणतात ना आपल्याकडं, मग चढू दे की खरंच."

आपल्याकडं तो जुना विनोद आहे. आंबील जास्त झाली की डोळे जड होतात, माणूस कोपीत आडवा होतो, आणि बायका म्हणतात, चढली बघा. राजूभाऊंना दुसरं काही वाटलं नव्हतं. बाळूचं काहीच ठाऊक नसलेल्या कुठल्याही लातूरकराला त्या दिवशी हीच गंमत सुचली असती. पण माझ्या हातातली पळी खाली पडली.

फेरी पार पलीकडच्या कुंपणाला पोचली होती. तिथून वळून ती कोपीकडं यायला लागली. आणि कोपीसमोर पहिला घोट बाळूचा. येळवशीच्या आंबिलीला नाही म्हणत नसतात, हे त्याच्या रक्तात. लसूण-जिऱ्याच्या आंबट वासात व्होडका कळणार कशी, हेच माझ्या डोक्यात. ओरडावं, तर काय ओरडू? पिऊ नको म्हटलं की का नको, हे सगळ्यांसमोर सांगावं लागणार. त्यानं वर्षभर जिवापाड जे झाकलं, ते मी एका हाकेत उघडं करणार. आणि तिथं निम्मी माणसं अशी, की रात्र व्हायच्या आत बातमी रेणापूरच्या आमच्या गल्लीत. नाही ओरडले, तर मडकं त्याच्या तोंडाला.

मी पळाले. साडी नेसलेली, पायात सपाता, लसूणघासात पाय अडकतायत. लोकांना वाटलं मीही फेरीत सामील व्हायला निघाले, टाळ्या वाजवायला लागले. संदीपनं माझा चेहरा बघितला आणि तोही निघाला, पण तो दुसऱ्या टोकाला होता. मी त्यांच्यापर्यंत पोचायच्या आत फेरी तंबूसमोर आली. बाळू थांबला. राजूभाऊंनी त्याच्या डोक्यावरची चादर काढली आणि सगळ्यांना मोबाइल तयार ठेवा म्हणाले. बाळूनं मडकं दोन्ही हातांनी वर उचललं.

मी त्याच्या नावानं ओरडणारच होते. तोंडही उघडलं होतं.

मडकं त्याच्या तोंडाशी येऊन थांबलं. तो पीत नव्हता. मडक्याच्या कडेवरून तो माझ्याकडं बघत होता. मग त्यानं ते खाली घेतलं, छातीशी धरलं, आणि म्हणाला, "राजूभाऊ, ह्याचा वास मला सगळ्यांच्या आधी येतो."

राजूभाऊ हसले. अरे गंमत, घे, सण आहे, म्हणाले. दोघे-तिघे घे घे करायला लागले. मडक्यातली आंबील हिंदकळून त्याच्या झब्ब्यावर सांडली. पण आवाज त्याचा फेरीतलाच होता, मोठा.

"म्या पीत न्हाई. वरीस झालं सोडून. दवाखान्यात पडलो हुतो, म्या तुमाला पित्त म्हनून सांगितलं, त्ये पित्त न्हवतं. प्यालो तर मरतो, असं सांगितलंय डॉक्टरनं. येळवशीला आंबील न्हाई म्हनू ने, ठाव हाय मला. पर ही आंबील न्हाई."

लेकरं मोठ्यांच्या तोंडाकडं बघायला लागली. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले, दम लागलेला, केस सुटलेले. मग मला कळलं की मडकं हातात घेतलं तेव्हाच त्याला वास आला असणार. शेडपासून. म्हणजे अख्खी फेरी तो ते छातीशी धरून, चादरीखाली नाकाशी घेऊन चालला होता. त्या फेरीत त्याच्या मनात काय काय झालं, ते मी अजून विचारलेलं नाही. विचारायची छातीही होत नाही.

राजूभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, ती त्यांच्या स्वभावात नाही. पुढं झाले, बाळूच्या हातातून बिंदगं घेतलं, कुंपणापाशी जाऊन सगळं ओतून दिलं. मग शेडच्या नळाखाली धरून मातीनं घासलं. एकदा घासून त्यांचं समाधान होईना. वास घेतला, परत घासलं. ट्रकवाला तगडा माणूस उन्हात उकिडवा बसून मडकं घासत होता, आणि मनीषावहिनी बाजूला उभ्या राहून पाणी सोडत होत्या, रडत. परत आले आणि मला म्हणाले, "आक्का, साधी हाय का थोडी?"

मी लेकरांचा डबा उघडला.

फेरी परत निघाली. पहिली फेरी हिशोबात धरायची नाही, असं राजूभाऊच म्हणाले. ह्या वेळी मागं पाण्याचा तांब्या घेऊन ते स्वतः. सगळे आले, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. चार-पाच जण एस्कीपाशीच बसून राहिले, आणि एकजण पुटपुटला की सणाचा पार बेरंग केला. करू दे. बाकीचे आले. कडुलिंबाची डहाळी नव्हती तर बाळूनं लिंबोणीची फांदी घेतली आणि लसूणघासावर, टमाट्यांवर, कुंपणाच्या तारांवर शिंपडत गेला. कोपीसमोर आल्यावर पहिला घोट घेतला. लेकरांची आंबील, पातळ, कमी लसणाची. ओठ पुसून म्हणाला, मीठ कमी हाय गं आक्का. मी म्हटलं, गप पी. मग मडकं राजूभाऊंच्या हातात गेलं, मग संदीपच्या, मग एकेकाच्या. कुणी नाही म्हटलं नाही.

जेवणं झाली. राजूभाऊंनी सवयीनं टाळी वाजवली. "फोटो," म्हणाले, आणि पुढचं वाक्य अर्धवट गिळलं. तरी काही हात मागं गेलेच, इतक्या वर्षांची सवय. बाळू पुढच्या रांगेत बसला होता, रिकामं बिंदगं दोन्ही हातांत पुढं धरून. फोटो मी मायला पाठवला. फोटोच्या आधी फॉरवर्ड पोचलेला असणार, याची मला खात्री होती.

दुसऱ्या दिवशी मायचा फोन आला. मी म्हटलं, आता विचारणार. ती आधी त्यांच्या येळवशीचं सांगत बसली. ज्वारी छातीएवढी झालीय, अण्णांचा गुडघा दुखतोय, यंदा फेरी चुलतभावाच्या पोरानं मारली, त्याला आवाज न्हाई. मी हं हं करत राहिले.

"फोटो बघितला," मग ती म्हणाली. "आवंदा बाळूचे हात दिसले."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"दरसाली मागं असायचे. थंडी असती म्हनायचीस तू. म्या काय येडी हाय का? तुज्या अण्णालाबी म्हनले हुते, पोरगं हातात कायतरी लपवतंय. पर इतक्या लांबून इच्चारून करू काय, म्हनून गप ऱ्हायले."

मी रडायला लागले. तिनं रडू दिलं. ह्या फोटोंनी आम्ही तिकडच्यांना फसवतो, असं इतकी वर्षं मला वाटत होतं. ती तिकडं रोज फोटो उघडून माझ्या भावाचे हात शोधत होती. रेणापूर आणि मेलबर्न यांत मी किती अंतर धरून बसले होते, आणि तिनं ते धरलंच नव्हतं. मी डोळे पुसले, तशी ती म्हणाली, एक सांग, पहिला घोट कुणी घेतला?

"बाळूनं," मी म्हटलं. "साध्या आंबिलीचा."

"मंग त्ये बी आपलंच शेत झालं की," माय म्हणाली, आणि अण्णांना बोलायचंय म्हणून फोन त्यांच्याकडं दिला.